औषध गरम पडणें

हिंगोली, कळमनुरी, सेनगांव या बाजूच्या खेड्यांतील मनुष्य दवाखान्यांतून आणलेल्या औषधाविषयीं तक्रार करूं लागला, म्हणजे तो ‘दुष्परिणाम’ हा शब्द सहसा उच्चारीत नाहीं. ‘गोळी गरम पडली’, एवढेंच तो म्हणतो. तोंड आलें, पोटांत आग झाली, दोन दिवस जुलाब लागले, अंगावर गांधी उठल्या, भोंवळ आली, लघवी लाल झाली, या सर्वांचा समावेश त्या तीन शब्दांत होतो. सुशिक्षित मनुष्य हें ऐकून हंसतो. क्वचित् डॉक्टरही, ‘गोळी काय चुलीवरून उतरविली होती?’ असें विचारून रोग्याला वाटेला लावतो. मी इतिहासाचा अध्यापक. वैद्यकांत मला अधिकार नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला या शब्दप्रयोगाकडे हंसून पाहतां येत नाहीं. लोकांच्या तोंडीं टिकून राहिलेलें वचन हाही एक प्रकारचा दस्तऐवज असतो. तो वाचावयाचा कसा एवढाच प्रश्न असतो.

हा जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. परंतु १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांत यूनानी वैद्यकाला राजाश्रय होता. खेड्यापाड्यांतून आयुर्वेदाचे वैद्यही होतेच. हकीम रोग्याची मिजाज पाहून औषध गरम द्यावें कीं सर्द हें ठरवी; वैद्य द्रव्याचें वीर्य उष्ण कीं शीत हें पाही. शब्द निराळे असले तरी रोग्याच्या कानीं दोहोंकडून एकच गोष्ट पडे ती ही कीं, औषधाला स्वतःचा स्वभाव असतो आणि तो रोगावर चालतो तसा रोग्यावरही चालतो. म्हणून जुन्या उपचाराचे नेहमीं दोन भाग असत. एक औषध, दुसरा अनुपान आणि पथ्य. ‘यावर काय खाऊं नये?’ हा प्रश्न आमच्याकडचा म्हातारा मनुष्य अद्यापि गोळ्या हातांत घेतल्यावर विचारतो, तो या दुसऱ्या भागाची आठवण म्हणून. त्याला बहुधा ‘सगळें खा’ असें उत्तर मिळतें.

माझें म्हणणें असें कीं, गेल्या ऐंशी वर्षांत प्रतिजैविक औषधांचा जो विलक्षण इतिहास घडला, त्यांत या दुसऱ्या भागाचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. औषधापासून काय अपाय होतो याचें ज्ञान वाढत गेलें. तें रोग्याच्या कानीं घालण्याची रीत मात्र मोडत गेली. आणि ती मोडल्याची किंमत या जिल्ह्यासारख्या ठिकाणीं अजून मोजली जात आहे.

प्रतिजैविकांकडे वळण्यापूर्वीं याच हैदराबाद राज्यांतील एक जुनें प्रकरण सांगितलें पाहिजे. तें क्लोरोफॉर्मचें आहे. पण औषधावर आरोप आला म्हणजे विद्वान् माणसें कोणत्या वाटेनें जातात, याचा इतका चांगला नमुना दुसरा मिळणार नाहीं. गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, १८८० नंतर, हैदराबादेस एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन असून तेथील वैद्यकशाळेचे प्रमुख होते. क्लोरोफॉर्म हुंगविल्यावर कांहीं रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावरच मरत, आणि त्याचें कारण काय यावर युरोपांत मोठा वाद माजला होता. एका पक्षाचें म्हणणें, त्यानें हृदयच बंद पडतें. दुसऱ्याचें म्हणणें, आधीं श्वास बंद पडतो; तेव्हां हुंगविणारानें श्वासाकडे नीट लक्ष ठेवलें म्हणजे भय नाहीं. लॉरी या दुसऱ्या पक्षाचे कट्टर अनुयायी होते. १८८८ सालीं त्यांनीं एक कमिशन बसवून आपलें मत सिद्ध केलें. लंडनच्या ‘लॅन्सेट’ पत्रानें त्यावर शंका घेतली, तेव्हां निजाम मीर महबूब अली खान यांच्या पैशानें १८८९ सालीं दुसरें कमिशन बसलें, आणि ‘लॅन्सेट’तर्फे डॉ. लॉडर ब्रंटन विलायतेहून आले. शेंकडों जनावरांवर प्रयोग झाले. रूपाबाई फर्दुनजी ही हैदराबादच्या वैद्यकशाळेंतील पारशी विद्यार्थिनी त्या कामांत होती. भूल देण्याचें शास्त्र शिकलेल्या पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. निकाल लॉरींच्या मनाजोगा लागला. क्लोरोफॉर्म हृदयाला मारीत नाहीं. रोगी दगावतो तो हुंगविणाराच्या हयगयीनें. स्वतः ब्रंटन आधीं विरुद्ध मताचे होते, तेही वळले.

पुढें १९११ सालीं ए. जी. लेव्ही यांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, गुंगी हलकी असतांना क्लोरोफॉर्म हृदयांत थरथर उत्पन्न करतो आणि तें एकाएकीं बंद पाडतो. म्हणजे हैदराबादचा निकाल चुकला होता. त्यांत लबाडी कोणाची नव्हती. निजामाचा पैसाही प्रामाणिकपणें खर्च झाला. चूक होती ती आरंभाची. औषध निर्दोष आहे असें धरून चाललें, म्हणजे अपराधी दुसरा कोणी तरी शोधावाच लागतो, आणि शोधूं गेलें कीं तो सांपडतोच. लॉरींना तो हुंगविणारांत सांपडला. पुढच्या काळांत तो कधीं औषधांतल्या मळांत सांपडला, आणि सर्वांत अधिक वेळां खुद्द रोग्यांत सांपडला.

आतां पेनिसिलिन. त्याची कथा फ्लेमिंगच्या १९२८ सालच्या बशीपासून सांगण्याचा परिपाठ आहे. दुष्परिणामांचा इतिहास मात्र १९४१ च्या जानेवारींत ऑक्सफर्ड येथें सुरू होतो. फ्लोरी व त्यांचे सहकारी यांनीं माणसाच्या शिरेंत पेनिसिलिन पहिल्यानें घातलें तें रोग बरा करण्यासाठीं नव्हतेंच. कर्करोगानें मरणास टेकलेल्या एका बाईला सर्व समजावून सांगून, तिच्या संमतीनें, तें टोचण्यांत आलें. उद्देश एवढाच कीं, या द्रव्यानें माणसाला काय बाधा होते तें पाहावें. थोड्या वेळानें तिला थंडी वाजून ताप भरला. शोध केला तेव्हां तो ताप पेनिसिलिनचा नसून त्यांत राहिलेल्या मळाचा आहे असें आढळलें. मळ काढला, ताप येईनासा झाला. पुढच्या महिन्यांत ज्या पोलिसावर पहिला उपचार झाला त्याची गोष्ट जगभर झाली. या बाईची फार थोड्यांना ठाऊक आहे. मला तर या साऱ्या इतिहासांत तिचें स्थान पहिलें वाटतें. प्रतिजैविकांचा आरंभ प्रश्नानें झाला होता, आणि तोही रोग्याला विश्वासांत घेऊन.

परंतु ‘दोष मळाचा’ हें उत्तर एकदां खरें ठरलें, तें पुढें वाजवीपेक्षां फार चाललें. पिवळट भुकटीच्या जागीं शुभ्र, स्फटिकरूप पेनिसिलिन मिळूं लागलें, तरी कोणाच्या अंगावर गांधी उठत, कोणाचे ओठ सुजत, कोणाचा श्वास कोंडे. १९५० च्या आसपास तर शुद्ध पेनिसिलिनच्या सुईनें मिनिटांत मृत्यु आल्याच्या हकीकती वैद्यकीय पत्रांतून येऊं लागल्या. कांहीं शरीरें त्या द्रव्यालाच वैरी समजतात, आणि तीं कोणतीं हें तीं स्वतः सांगेपर्यंत कळत नाहीं, हें तेव्हां मान्य करावें लागलें.

महाराष्ट्रांतील पेनिसिलिनची पहिली संस्मरणीय गोष्ट एका न दिलेल्या सुईची आहे. १९४४ च्या फेब्रुवारींत कस्तुरबा पुण्यास आगाखान पॅलेसमध्यें स्थानबद्ध असतांना अंथरुणास खिळल्या होत्या. हृदय दुबळें झालें होतें, त्यांत फुप्फुसाचा दाह. युद्धामुळें पेनिसिलिन सामान्य जनांना दुर्मिळ होतें. तरी तें कलकत्त्याहून विमानानें आणविण्यांत आलें. पुत्र देवदास यांचा आग्रह होता कीं, तें द्यावें. औषध सुईनें, तेंही दर कांहीं तासांनीं टोचावें लागेल हें कळतांच गांधीजींनीं, आतां तिला हा त्रास नको, असें ठरविलें. २२ फेब्रुवारीस सायंकाळीं बा गेल्या. या निर्णयावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे, आणि तो बरोबर कीं चूक याच वादांत लिहिणारे गुंतले आहेत. देवदासांच्या मनाची तळमळ ज्याला समजत नाहीं त्यानें या वादांत पडूंच नये. मला येथें त्यांतील एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. औषध कसें द्यावयाचें, किती वेळां, आणि घेणारीला काय सोसावें लागेल, हा प्रश्न तेथें विचारला गेला व त्याच्या उत्तरावर निर्णय झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत असला प्रश्न विचारणारा मनुष्य आमच्याकडे अडाणी ठरूं लागला.

त्याला कारणही तसेंच घडलें. १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली; जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचें त्यास साह्य होतें. पुढच्या वर्षीं तेथून पेनिसिलिन बाहेर पडूं लागलें. जें औषध दहा वर्षांपूर्वीं विमानानें आणावें लागत होतें, तें आतां आगगाडीनें तालुक्याच्या गांवीं जाऊं लागलें. प्रसूतीनंतरचा ताप, फुप्फुसाचा दाह, सडलेल्या जखमा यांनीं घरोघर जीं माणसें हकनाक जात, तीं वांचूं लागलीं. ज्यांनीं तो फरक डोळ्यांनीं पाहिला, त्यांनीं सुईला नमस्कार केला असेल तर त्यांत नवल नाहीं. ‘सुई दिली नाहीं, तो डॉक्टर कसला?’ ही समजूत त्या काळची. ती आमच्या भागांत अजून गेलेली नाहीं.

याच पिंपरीच्या प्रयोगशाळेंत थिरुमलाचार यांनीं मातींतल्या एका सूक्ष्मजंतूपासून हमायसिन नांवाचें बुरशीनाशक काढलें, आणि त्या जंतूच्या शास्त्रीय नांवांत गांवाचें नांव गोंविलें : स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. यांतील मौज अशी. आपल्या तोंडांत व आंतड्यांत असंख्य निरुपद्रवी जंतु नांदत असतात आणि त्यांच्या गर्दीमुळें बुरशीला पसरावयास जागा मिळत नाहीं. प्रतिजैविक औषध शत्रु आणि शेजारी यांत भेद करीत नाहीं. शेजारी मेले कीं जिभेवर पांढरी बुरशी चढते, आंतड्यांत नको ते जंतु माजतात, आणि पोट बिघडतें. म्हणजे जो कारखाना जंतुनाशक करीत होता, तोच बुरशीवर उतारा शोधीत होता. ‘गोळीनें तोंड आलें, जुलाब लागले’ ही हिंगोलीच्या म्हातारीची तक्रार, आणि जंतुशास्त्रज्ञाचें हें विवेचन, यांत शब्दांपलीकडे अंतर नाहीं. तिनें कारण चुकीचें सांगितलें असेल. कार्य तिनें बरोबर पाहिलें होतें.

स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट अधिक दुःखाची आहे. १९४८ चा सप्टेंबर मराठवाड्यास हैदराबादच्या मुक्तीमुळें स्मरतो. त्याच्या पुढच्याच महिन्यांत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. एकशें सात रोगी. पंचावन्नांना औषध व विश्रांति, बावन्नांना केवळ विश्रांति. सहा महिन्यांत पहिल्यांपैकीं चार मेले, दुसऱ्यांपैकीं चवदा. क्षयानें तरुण माणूस गेलें नाहीं असें घर ज्या देशांत विरळा, त्या देशाला या आंकड्यांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु त्याच वृत्तांतांत हेंही होतें कीं, औषध घेणाऱ्यांपैकीं अर्ध्याहून अधिकांना चौथ्या-पांचव्या आठवड्यांत चक्कर येऊं लागली. कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे, त्यावर हें औषध घाला घालतें. तेव्हां रसायनशास्त्रज्ञांनीं त्यांत किंचित् फेरफार करून डायहायड्रोस्ट्रेप्टोमायसिन काढलें. त्यानें तोल कमी जातो असें दिसून आनंद झाला. पुढें कळलें कीं, तोल वांचतो, पण कान जातात. चक्कर निदान आज येते व आज कळते. बहिरेपण औषध संपल्यावरही वाढत राहतें.

त्याच वर्षीं स्कॉटलंडमधील एका इस्पितळांत जॉर्ज ऑरवेल याला अमेरिकेंतून खटपटीनें आणविलेलें स्ट्रेप्टोमायसिन दिलें जात होतें. हा लेखक आपल्याच बिहारांत मोतिहारीस जन्मलेला. त्याच्या अंगाची कातडी सोलवटली, तोंडांत व घशांत व्रण झाले, केंस गळूं लागले, नखें खराब झालीं. औषध थांबवावें लागलें. १९५० च्या जानेवारींत तो वारला. मला नेहमीं वाटतें तें हें कीं, या सर्वांचें टिपण त्यानें स्वतः, क्रमवार आणि शांतपणें करून ठेवलें. डॉक्टरांना त्या औषधाविषयीं तेव्हां फारसें ठाऊक नव्हतें. रोगी लिहिणारा होता, म्हणून एक साक्ष राहिली. आमच्याकडचे असंख्य रोगी लिहिणारे नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया आमच्या सरकारी क्षयोपचारांत, दुसऱ्यांदा उपचार घेणाऱ्यांसाठीं, २०१० नंतरही चालू होत्या. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयावर कॅनामायसिनसारख्या सुया आल्या, त्यांनींही कान नेले. २०२० च्या सुमारास तोंडानें घ्यावयाचीं नवीं औषधें त्यांच्या जागीं येऊं लागलीं. या मधल्या सत्तर वर्षांत किती जण बहिरे झाले आणि तें वयामुळें किंवा नशिबामुळें झालें असें समजून गप्प राहिले, याची नोंद कोणत्या दप्तरांत सांपडणार?

क्लोरोम्फेनिकॉल व टेट्रासायक्लिन यांच्याविषयीं थोडक्यांत सांगतों. पहिलें १९४७ सालीं व्हेनेझुएलांतील मातींत सांपडलें, आणि १९४८ सालीं मलायांत विषमज्वरावर त्याचा गुण दिसला. ज्या तापाला आमचे लोक ‘मुदतीचा ताप’ म्हणत, म्हणजे ज्याची मुदत भरेपर्यंत उशाशीं बसून राहण्यावांचून दुसरा उपाय नव्हता, तो ताप थोड्या दिवसांत उतरूं लागला. पण हजारों रोग्यांत एखाद्याच्या हाडांतला मगज रक्त करावयाचा थांबे, आणि तो मरे. अमेरिकेंत १९५२ सालींच याची चौकशी होऊन बाटलीवर इशारा छापण्यांत आला. वीस ते चाळीस हजारांत एक असें त्याचें प्रमाण सांगतात. मुदतीच्या तापांत हा धोका पत्करणें शहाणपणाचें होतें. साध्या पडशाखोकल्याला तेंच औषध देणें शहाणपणाचें नव्हतें. पण तें तसेंही दिलें गेलें, कारण इशारा बाटलीवर होता आणि बाटली दवाखान्यांत होती. टेट्रासायक्लिनची खूण तर तोंडावरच राहिली. दांत घडत असतांना बालकाला तें दिलें, तर दांतांवर पिवळट-तपकिरी पट्टे कायमचे उमटतात. १९६० च्या सुमारास हें पश्चिमेकडे पुरतें ध्यानांत आलें होतें. माझ्या पिढींतील कांहीं माणसें तोंडावर हात धरून हंसतात. प्रत्येक डागाळलेला दांत औषधाच्या माथीं मारूं नये. कांहीं भागांतील विहिरींच्या पाण्यांत फ्लोराइड असतें, त्याचेही डाग पडतात. परंतु तें पाण्याचें कीं औषधाचें, हें सांगूं शकणाऱ्या आईला, बाळाला काय पाजलें त्याचें नांवच कोणी सांगितलेलें नव्हतें.

येथपर्यंत जे अपाय सांगितले ते खरोखरीचे अपाय होते. आतां जे अपाय नव्हतेच, पण न सांगितल्यामुळें अपायाहून वाईट ठरले, त्यांविषयीं सांगावयाचें आहे. आणि माझ्या मतें या प्रकरणाचा गाभा येथेंच आहे. क्षयावरील रिफॅम्पिसिन हें औषध घेतलें कीं लघवी नारिंगी-लाल होते. घाम आणि अश्रु यांनाही रंग चढतो. यांत कांहीं बिघडत नाहीं. औषधाचा रंगच तो. हें वाक्य सांगावयास अर्धे मिनिट पुरतें. तें न सांगतां घरीं पाठविलेल्या मनुष्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं लाल लघवी पाहिली, म्हणजे त्यानें काय समजावें? त्यानें समजावयाचें तेंच तो समजतो : गोळी गरम पडली, रक्त पडूं लागलें. तो गोळ्या कोनाड्यांत ठेवून देतो. महिनाभरानें खोकला थोडा कमी असतो, तेव्हां त्याचा निर्णय त्याला बरोबरच वाटतो. मग ऊसतोडीच्या टोळीबरोबर तो घाटाखालीं निघून जातो. तेथें कोपींत त्याच्याजवळ त्याचीं मुलें झोंपतात. सहा महिने न चुकतां घ्यावयाच्या औषधाचा निम्म्यावर सोडलेला क्रम म्हणजे जंतूंना दिलेली शिकवणी होय. पुढच्या खेपेस तेच जंतु त्या औषधाला दाद देत नाहींत.

महारोगावर १९८० नंतरच्या दशकांत जो संयुक्त उपचार सुरू झाला, त्यांत क्लोफाझिमिन नांवाचें औषध होतें. त्यानें कातडी काळसर-तांबूस होते. उपचार संपल्यावर ती हळूहळू पूर्ववत् होते. विदर्भ-मराठवाड्यांत ज्या रोगाचें नांव काढलें कीं सोयरीक मोडे, त्या रोगाचें औषध घेणाराचा चेहराच चुगली करूं लागला तर त्यानें तें किती दिवस घ्यावें? ‘रंग परत येतो’ हे तीन शब्द तेथें गोळीइतकेच औषध होते. अशा रोग्यांना ‘अज्ञानी’, ‘निष्काळजी’ म्हणून नोंदण्याची चाल मीं पाहिली आहे. क्लोरोफॉर्मच्या वेळीं अपराधी हुंगविणारा होता. आतां तो हुंगणारा झाला, एवढाच फरक.

मात्र लोकांच्या शब्दाची बाजू घेतांना तो शब्द आंधळेपणानें डोक्यावर घेऊं नये. ‘गरम’ म्हणून निदान झालें कीं त्यावर लोकांचा उतारा ठरलेला आहे : गोळी दुधाबरोबर घ्यावी, म्हणजे बाधत नाहीं. कांहीं गोळ्यांच्या बाबतींत हा उतारा निरुपद्रवी आहे. परंतु टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुधाबरोबर घेतलें, तर दुधांतील चुन्याचा अंश औषधाला धरून बसतो आणि त्याचा बराच भाग रक्तांत न जातां वायां जातो. गोळी थंड होते खरी, पण तिच्याबरोबर तिचें कामही थंड होतें. दुसरें असें कीं, ‘मला पेनिसिलिन सोसत नाहीं’ असें सांगणाऱ्या पाश्चात्य रोग्यांची परीक्षा केली, तेव्हां दहांतून नऊ जणांना तें खुशाल सोसतें असें आढळलें. लहानपणीं तापांत उठलेले पुरळ औषधाच्या नांवें लिहिले गेले होते. म्हणजे रोग्याची साक्ष खोटी नसली तरी तिची उलटतपासणी लागतेच. इतिहासांत बखरीचें जें स्थान, तेंच येथें रोग्याच्या बोलण्याचें. बखर तशीच्या तशी उतरून घेणारा इतिहासकार नव्हे, आणि बखर फेंकून देणारा तर मुळींच नव्हे.

याची जाणीव आमच्या सरकारी यंत्रणेला उशीरा कां होईना झाली आहे. २०१० सालीं औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढें रोग्यानें स्वतः भरावयाचा नमुना मराठींतही निघाला. मीं तो वर्गांत विद्यार्थ्यांना दाखविला. औषधाचें नांव, तें केव्हां सुरू केलें, केव्हां थांबविलें, त्रास कोणता, तो केव्हां सुरू झाला, अशी त्याची मांडणी आहे. मांडणी उत्तम. एका विद्यार्थिनीनें मात्र विचारलें कीं, तिच्या आजीनें हा कागद भरावयाचा तर औषधाच्या नांवाच्या रकान्यांत काय लिहावें? आजीला ‘लाल-पिवळी कॅपसूल’ एवढेंच ठाऊक आहे.

या प्रश्नाचें उत्तर औषधाच्या दुकानांत आहे. चिठीवांचून विकूं नये अशा औषधांची एक खास यादी, एच-वन नांवाची, १ मार्च २०१४ पासून अंमलांत आली. तींत पुष्कळ प्रतिजैविकें आहेत. त्यांच्या पाकिटावर तांबड्या चौकटींत इशारा छापावा आणि दुकानदारानें वेगळी नोंद ठेवावी असा नियम आहे. पण गोळ्यांची पट्टी दहांची असते आणि बाजारास आलेल्या मजुराजवळ पैसे चार गोळ्यांचे असतात. दुकानदार कात्रीनें पट्टी कापतो, चार गोळ्या जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यांत बांधून देतो, आणि चिठीवर पेनानें ‘सकाळ-संध्याकाळ’ दर्शविणाऱ्या दोन रेघा ओढतो. औषधाचें नांव, तारीख आणि तांबडी चौकट पट्टीच्या उरलेल्या भागावर असतात. तो भाग तो पुन्हां खणांत ठेवून देतो.